पंडुमाआधी पाहिलेली दरी

२१ मार्च, चंद्रपूर

आईच्या ऑपरेशनला चार दिवस झाले. खुब्यात पट्टी, पट्टीत स्क्रू. आठवडाभरात वॉकर धरून उभं करतील, मग दीड महिना जपायचं. आई म्हणाली, "दीड महिना मी निजून राह्यली त घर कोन पाहीन?" मी आहे ना, म्हटलं. त्यावर ती टाके दुखेस्तोवर हसली.

बाजूच्या खाटेवरच्या मावशींनी विचारलं, पोट्टी काय करते तुमची? आई म्हणाली, "मोजते." काय मोजते? "जे दिसत नाई ते." मावशींनी मान हलवली, सरकारात असंही एखादं खातं असणारच अशा समजुतीनं. इतक्या वर्षांच्या पीएच.डी.चं इतकं नेटकं वर्णन मला अजून जमलेलं नाही.

सरांचा फोन. घरून काम कर म्हणाले, पण मेच्या पहिल्या आठवड्यात पेटी उघडायची आहे, तोवर नेट सांभाळ. गाईड म्हणून त्यांचंही सगळं त्या पेटीत अडकलंय. आईच्या तब्येतीचं विचारलं, पेटीनंतर.

२४ मार्च, अहेरी

आईला भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. आष्टी सोडल्यावर मोहाचा वास सुरू झाला. "काच खाली घे," आई म्हणाली. ड्रायव्हर एसीचं काहीतरी पुटपुटला, पण घेतली.

सागांना पान नाही. नुसते खांब, मैलोन् मैल. त्यांच्यातून ऊन आरपार. आणि उन्हाबरोबर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण (यापुढे न्यू., हात दुखतो). सूर्यातून निघालेले, माझ्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला अब्जावधी. सागातून, गाडीच्या टपातून, आईच्या खुब्यातल्या नव्या स्क्रूतून. कोणाला धक्का नाही, कोणाला कळत नाही. डोळे मिटून बसले तर आपण जाळीचे बनलेलो आहोत असं वाटायला लागलं. आलापल्लीला जाग आली तेव्हा आई उलट माझं डोकं थोपटत होती.

२७ मार्च

बाबांनी आज पहिल्यांदा नीट विचारलं. तीन वर्षांपूर्वी वनरक्षक म्हणून रिटायर झाले तेव्हापासून त्यांच्याकडे प्रश्नांना वेळ आहे.

"निघते कुठून हे?" समुद्रकाठच्या एका यंत्रातून. "पोचते कुठी?" दूर, डोंगराखाली पाण्याचं भलंमोठं टाकं आहे, तिथं. क्वचित एखादा पाण्यात धडकतो, उजेडाचा ठिपका पडतो, तो मोजायचा. "मधात रस्ता?" रस्ता नाही. जमिनीतून, सरळ. निघतात तेव्हा एका जातीचे असतात, वाटेत दुसऱ्या जातीचे होतात, पुन्हा पहिल्या...

"जात कायले म्हणते? प्रकार म्हण."

बरं, प्रकार.

बाबांनी सुपारी कातरली. "रस्त्यानंच बदलते? कोनाले इचारा नाई लागत?" नाही. "टाइम किती लागते?" सेकंदाचा हजारावा भाग म्हटलं तरी चालेल.

"छप्पन साली दीक्षेसाठी माह्या बापाले चांद्यापर्यंत बैलगाडीनं जा लागलं होतं," म्हणाले, आणि मोटर लावायला उठले.

३० मार्च

सकाळी आईला वॉकरवर अकरा पावलं चालवलं. तिनं मोजली चौदा. वाद झाला.

बाबांना पेटी समजावली. लाकडी नाही, कुलूपवाली नाही. गेल्या काही वर्षांत टाक्यात जे न्यू. सापडले त्यांच्या खऱ्या नोंदींची फाइल. ती उघडायची नाही. आधी मोजायची रीत पक्की करायची, बनवलेल्या खोट्या नोंदींवर ती शंभरदा चालवून पाहायची. सगळ्यांनी हो म्हटलं की मग एकदाच, सगळ्यांसमोर, खरी फाइल. कारण आकडा आधी दिसला की माणूस रीत त्याच्याकडे ओढत नेतो. लबाडीनं नाही, मायेनं.

वाटलं होतं, हसतील. उलट म्हणाले, "हे बरोबर हाय. मले मागच्या सालच्या गणतीचा आकडा ठाऊक राह्यला का माह्या डोळ्याले तेवढेच चितळ दिसत. म्हून पाणवठ्यावर बसाच्या आदी मी इचारतच नव्हतो."

आमच्या आलेखात एक दरी आहे. तिथं न्यू. कमी पोचतात, कारण तेवढे वाटेत बदललेले असतात. दरी कुठं पडते, किती खोल, यावरून बदलण्याचा हिशोब. जगभरची एवढी माणसं, एवढं पाणी, त्या एका दरीसाठी. त्यातली एक रीत माझी. थीसिस म्हणजे तीच. फाइली मी लावल्या म्हणून खऱ्या फाइलीची किल्लीही, म्हणजे पासवर्ड, मोजक्या लोकांत माझ्याकडे आहे. याचा गर्व नाही. थोडा आहे.

१ एप्रिल

दुपारी कूलरच्या वाळ्याचा वास, आई झोपलेली, बाबा झोपलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खोट्या नोंदी चालवत बसले. एक खोटी दरी, दुसरी खोटी दरी. दोनशे खोट्या दऱ्या झाल्यावर त्यांच्यावरही जीव जडतो. संध्याकाळी आई म्हणाली, झोपेत कोणीतरी अंगणातून चालत गेल्यासारखं वाटलं. पायांचा आवाज नव्हता म्हणे.

३ एप्रिल

लाइन गेली. दुपारी एक-सव्वा. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, तोही गेला. तिकडच्या संगणकावर चालू असलेलं काम अर्ध्यात तुटलं.

लाइन आली. पुन्हा जोडलं. घाईत तीच आज्ञा पुन्हा दिली. सेटिंगची फाइल मात्र जुनी चढली होती, मार्चमध्ये फाइली जागेवर आहेत का ते तपासायला मीच केलेली. त्यात खऱ्या फाइलीचा पत्ता.

आलेख आला. ठिपके नेहमीसारखे गुळगुळीत नव्हते. तेव्हाच कळायला हवं होतं.

बंद केला. तीन सेकंद, चार असतील.

पाहिली.

४ एप्रिल

काही नाही. आंबील केली. आई म्हणाली मीठ कमी.

५ एप्रिल

कोणाला काही कळलेलं नाही. तो आलेख कुठं साठवला गेला नाही, मी तपासलं. तपासलं म्हणजे काय, पुरावा शोधला. स्वतःच्या मागे लागलेला पोलीस आणि पळणारा चोर, दोन्ही मीच.

डोळे मिटले की दरी दिसते. उथळ आहे. सगळे धरून चाललेत त्यापेक्षा उथळ, आणि किंचित उजवीकडे सरकलेली.

चार सेकंद. एवढ्यात तर माणूस धड शिंकतही नाही.

७ एप्रिल

चूक सापडली. माझीच. दोन वर्षांपूर्वीची.

टाक्यातलं पाणी कधी जास्त नितळ असतं, कधी कमी. त्यावर ठिपक्याचा उजेड किती दिसणार ते ठरतं. म्हणून दर काही महिन्यांचा वेगळा तक्ता. त्यातल्या एका काळाला मी आधीच्या काळाचा तक्ता लावलाय. नाव सारखं, शेवटचा अंक वेगळा. बरोबर तक्ता लावला तर दरी बहुधा डावीकडे सरकेल, थोडी खोल होईल. सगळ्यांना हवी तिकडे.

पहिल्यांदा नुसता आनंद झाला. अंगणात जाऊन चक्कर मारून आले. मग विहिरीच्या कठड्यावर बसले.

मी तक्ते उघडले कशाला? दोन वर्षं उघडले नाहीत. हवी ती दरी दिसली असती तर उघडले असते? नाही. खरं सांगायचं तर नाही.

म्हणजे दुरुस्ती खरी आहे, आणि ती शोधणारे डोळे उष्टे आहेत. गप्प राहून दुरुस्ती केली तर फसवणूक. गप्प राहून नाही केली तर चुकीचा आकडा. सांगितलं तर माझी रीत बाजूला ठेवतील. तशीच दुसऱ्या गटाची एक रीत तयारच आहे, तिचा आकडा छापून येईल. माझी चार वर्षं तळटीपेत. फेलोशिप ऑक्टोबरपर्यंत.

९ एप्रिल

आज लालसूभाऊ आले. बाबांच्या नोकरीतले जुने सोबती, जंगलात वॉचर होते. बाबांची पहिली नेमणूक त्यांच्याच गावी, तेव्हापासूनची दोस्ती. अहेरीच्या बाजाराला आले की घरी येणारच. आईसाठी चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणली पानाच्या पुड्यात. आईच्या पायाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "लोखंड टाकलं? मंग आता तू आमच्याहून जास्त टिकते."

आंबे नाही आणलेत यंदा, आई म्हणाली. दरवर्षी आणतात.

"पंडुम झाला नाई आजून. पेरमा तापानं पडला." पेरमा म्हणजे त्यांच्या गावचा पुजारी. तो मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, करणार, देवाला पहिला आंबा देणार, मग गाव आंब्याला तोंड लावणार. तोवर नाही. "पडून राह्यले झाडाखाली. पोरं वास घेते, ठेवून देते."

म्हटलं, गुपचूप खात नाही कोणी?

दोघं एकमेकांकडे पाहून हसायला लागले. लालसूभाऊ म्हणाले, "तुह्या बापानंच खाल्ला. नवा होता नोकरीवर. झाडावर चढून खाल्ला, मी खाली उभा."

"भूक लागली होती," बाबा म्हणाले.

"मी कोनाले नाई सांगतलं. हाच गेला पेरमाकडं, संध्याकाळी. मी चाखला म्हणे." मग? "मंग काय. एक कोंबडी घेतली याच्याजवळून. आन् पंडुमाले बसवलं सगळ्यायच्या मांगं. शेवटची फोड देल्ली."

"आजून शेवटचीच देते मले," बाबा म्हणाले. तक्रारीचा सूर होता, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

मी विचारलं, पण थांबायचं कशाला, आंबा तर आंबाच? लालसूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढं शिकून हे नाही माहीत. "कोय बनू दे लागते ना, बाई. कोय बनाच्या आदी तोडला त झाड कुठून येईन?"

१२ एप्रिल

कोय. रात्रभर तेच. सरांना हे एका शब्दात कोणी सांगितलं असतं तर अर्ध्या मीटिंगा वाचल्या असत्या.

स्वप्नात टाकं होतं. काठोकाठ पाणी, वर आंब्याची पानं तरंगतायत, आणि खाली कोणीतरी ठिपके वेचतंय मोहफुलांसारखे, टोपलीत. वाकलेल्या पाठीवरून वाटलं आई आहे. आईला वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय हे स्वप्नातही आठवलं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात. आईला खुर्चीवर बसवून नेलं, पांढरी साडी, केसांना तेल. "शास्त्रज्ञ ताई दोन शब्द बोलतील" असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलेलं. पोरांना न्यू.चं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मंग ते आत्ता माह्यातून चालले?" हो. तिनं पोट आत ओढून घेतलं.

त्याआधी पंचशील. लहानपणापासून म्हणतेय, जीभ आपोआप चालते. आज दुसऱ्या शीलाला अडली. न दिलेलं घेणार नाही. आजवर वाटायचं हे चोरीबद्दल आहे. दिलं नव्हतं ते मी पाहिलं, पाहणं म्हणजे घेणंच. पुढं चौथं, खोटं बोलण्याचं. तिथं तोंड नुसतं हललं. बाबा शेजारीच उभे होते, त्यांच्या लक्षात आलं की काय कोण जाणे.

खीर उत्तम झाली होती. दोनदा घेतली. असल्या अवस्थेतही भूक लागते याची शरम वाटली.

१६ एप्रिल

बाबांना सांगितलं. ते सायकलीचं पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते, म्हणून बोलणं सोपं गेलं.

सगळं ऐकलं. मग: "कोनी पाह्यलं तुले?"

नाही.

"मंग बरं हाय. कोनी पाह्यलं असतं त तुले सांगा लागलं असतं. आता तू सांगू शकते."

मी म्हटलं, बाबा, थीसिस जाईल माझी. तुमच्यासारखं एका कोंबडीवर भागणार नाही.

"कोंबडी मी उधारीनं आणली होती," बाबा म्हणाले. ट्यूब फिरवून पुन्हा बुडवली: "मलेही वाटलं होतं, नोकरी जाईन."

राग आला त्यांचा. त्यांना काय जातंय बोलायला. मग त्यांचे हात दिसले, ट्यूब धरलेले. भोक केव्हाच सापडलं होतं, तरी ती पाण्यातच दाबून धरलेली. मी नापास झाले तर त्यांना माझ्याहून जास्त लागणार आहे हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही.

१८ एप्रिल

मेल गेली. नऊ वेळा लिहिली. पहिल्या खर्ड्यात लाइनीवर दोष, दुसऱ्यात बॅटरीवर, पाचव्यात उन्हावर. शेवटी चार ओळी उरल्या. तीन तारखेला खरा आलेख माझ्याकडून उघडला गेला, मी पाहिला. त्यानंतर एका तक्त्यात माझी जुनी चूक मला सापडली. चूक खरी आहे असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर आता कोणी विसंबू नये. पंधरा दिवस गप्प राहिले, त्याचीही माफी.

इंग्रिदबाईंना पाठवली. आमच्या सगळ्या मोजणाऱ्यांच्या त्या प्रमुख, सातासमुद्रापार. प्रत सरांना.

अर्ध्या तासात सर. "आधी मला सांगायचं होतंस."

तुम्ही पाठवू दिली नसती, सर.

फोनवर त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता. "नसती दिली," म्हणाले. आणि ठेवला.

फार रडले. आईनं ऐकलं. वॉकर घेऊन खाटेपासून दारापर्यंत आली, एकटी, कोणी धरलेलं नसताना. तिला ओरडायचं की मिठी मारायची कळेना. दोन्ही केलं.

२२ एप्रिल

इंग्रिदबाईंची मीटिंग. मी, त्या, सर. पडद्यावर त्यांच्या मागे खिडकीत पाऊस होता, इथं बाहेर पंचेचाळीस.

रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं. म्हणाल्या, "काय पाहिलंस ते मला सांगू नकोस. कोणालाच नको." असं झाकून ठेवण्याजोगं माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही आहे.

ठरलं ते असं. माझी किल्ली काढून घेतली. दुसऱ्या गटाचा एक विद्यार्थी त्या काळाचा तक्ता मुळापासून नव्यानं करेल. कशासाठी, हे त्याला सांगणार नाहीत. त्याचा तक्ता मी बरोबर म्हणते त्या तक्त्याशी जुळला तर दुरुस्ती धरून माझी रीत राहील, आकड्याखाली नाव राहील, थीसिस राहील. नाही जुळला तर माझी रीत बाजूला. निकाल पेटी उघडतील त्याच दिवशी, सहा मे. त्या कॉलवर मी नसेन. तोवर हात लावायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही.

सर शेवटी म्हणाले, "आईंना कसं आहे?" यावेळी पेटीच्या आधी.

२५ एप्रिल

काम नाही. सकाळी उठल्यावर हात लॅपटॉपकडे जातो, मग परत येतो. आईला दिवसातून तीनदा चालवते. पावलांच्या मोजणीवर तह झाला: ती मोजेल, मी मोजणार नाही.

एक सुचलं. मी पाहिलेली दरी जुन्या तक्त्याची. तो तक्ता चुकला असेल तर मी पाहिलं ते खरं नव्हतंच. म्हणजे खरी दरी अजून कोणीच पाहिलेली नाही, मीसुद्धा. ज्याच्यासाठी एवढं जळतेय ते कदाचित नुसतं पाण्याचं गढूळपण.

किंवा तक्ता बरोबर होता, आणि मी पाहिलं तेच खरं.

२८ एप्रिल

अंगणात खाट टाकून पडले. मध्यरात्रीची गार वेळ. पायाखालून, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूनं, म्हणजे जिथं आत्ता दुपार असेल तिथून, सूर्याचे न्यू. आरपार वर येत असणार. खाटेच्या काथ्यातून, माझ्यातून, वर आकाशात. त्यांना माझ्या थीसिसचं काही नाही. पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं.

आईनं आतून विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली?" कोणाशीच नाही म्हटलं. बहुतेक बोलत होते.

२ मे

लालसूभाऊंचा निरोप. पेरमा उठला. पंडुम सहा तारखेला. "बाईले घेऊन येजा." सहाच तारीख. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी नाई सांगतलं त्याले तारीख." तुमच्यावर संशय नाही बाबा. थोडा आहे.

तिथं नेट नाही. गावाच्या अलीकडे नाला लागतो, तिथून मोबाइल मुका. बरंच झालं. इथं राहिले तर दिवसभर पडद्याकडे बघत बसेन.

६ मे

सकाळी निघालो, बाबांच्या मोटरसायकलवर. आईजवळ शेजारच्या काकू. आई म्हणाली, आंबे घेतल्याशिवाय येऊ नका. तिच्या दृष्टीनं आजच्या दिवसाचं महत्त्व एवढंच, आणि ते खोटं नाही.

पुरुष माणसं पेरमाबरोबर देवाकडे गेली. आम्ही बायका आणि बाबा, असे मोहाखाली. साडेअकराला मला कळलं की तिकडं कॉल सुरू झाला असणार. घड्याळ उतरवून पिशवीत टाकलं. झाडांतून ढोल ऐकू येत होता, मध्येच थांबायचा. थांबला की पोरं उठून उभी राहायची, पुन्हा वाजला की बसायची.

मग आले सगळे. टोपल्या. आंब्यांचा ढीग, लहान लहान, गावठी, हिरवे-पिवळे. फोडी वाटायला सुरुवात झाली. रांग लागलेली नव्हती, तरी कोणाच्या आधी कोण हे सगळ्यांना ठाऊक. बाबा उठून सगळ्यांच्या मागे जाऊन बसले, कोणी न सांगता, इतक्या वर्षांच्या सवयीनं. मला हात केला. मी गेले.

लालसूभाऊ आमच्यापर्यंत आले तेव्हा दोनच फोडी उरल्या होत्या. एक बाबांना दिली. दुसरी हातात धरून माझ्यापुढं बसले. बाबांनी सांगितलेलं दिसत होतं.

"तूही चाखली म्हणे, आदीच."

हो, भाऊ.

"कशी होती?"

या महिन्याभरात हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असंच ठरलं होतं. आणि मला सांगता येईना, नियम होता म्हणून नाही. "घाईत गिळली, भाऊ. चव नाही कळली."

"यालेही नाई कळली होती," बाबांकडे मान करून म्हणाले. "आता बरोबर खा."

खाल्ली. आंबट. कोयीपाशी गोड. रस कोपरापर्यंत आला. बाबा दुसरीकडे बघत होते, मी रडतेय हे दिसू नये म्हणून. म्हणजे मला त्यांचं दिसू नये म्हणून.

परतताना नाला ओलांडला आणि पिशवीत फोन सुरू झाला. वाजतच राहिला. बाबांनी गाडी हळू केली. मी म्हटलं, चला. आलापल्लीच्या वळणापर्यंत चार वेळा वाजला असेल.

आता घरी. पाच वाजलेत. आई पाटावर आंबे मांडून बसलीय, पिकलेले एकीकडे, घट्ट एकीकडे. पडद्यावर सरांची एकच ओळ दिसतेय: "पेटी उघडली. फोन कर." बाकी काही उघडलेलं नाही. त्या ओळीतून सर खूश आहेत की नाही हे काढायचा प्रयत्न केला. निघत नाही. सर शिकलेत.

फोन लावण्याआधी एक गोष्ट इथं लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला ती माझ्या सोयीनं बदलता येणार नाही. मला काय हवंय.

तक्ता जुळावा, हे हवंय. फार हवंय. माझं नाव तिथं हवंय, बाबांना ते छापलेलं दाखवायचंय. आणि मी पाहिलेली दरी खोटी निघाली तर हरकत नाही. खरी निघाली तरी हरकत नाही, हे मात्र अजून लिहवत नाही. लिहून पाहिलं, खोडलं.

तेवढं खोडलेलं राहू दे. बाकी शाईत आहे. बाबा दारात येऊन उभे आहेत, आत येत नाहीत. फोन लावते.